तीनशे एकोणिसावा प्राणी

वन्यजीव, मासे आणि त्यांचं संवर्धन या विषयाची पदवी हवी असेल तर काय काय पुरं करावं लागतं, हे सांगणारी एक पुस्तिका विद्यापीठानं छापली होती. पुस्तिका हे आपलं म्हणायचं. तिच्यावर उभं राहिलं की माळ्यावरचे डबे हाताला लागत, आणि वसतिगृहातल्या मुली तिचा उपयोग बहुतेक त्याच कामाला करत.

मुंगूसनं मात्र ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली होती. मुंगूस हे काही तिचं खरं नाव नव्हे. दिसेल त्या बिळात आधी नाक घालायचं आणि मग विचार करायचा, या सवयीपायी वर्गानं तिला ते बहाल केलं होतं आणि ते इतकं चिकटलं की हजेरी घेतानाही सर तेच पुकारत. मासे आवडतात म्हणून ती इथे आली. पुस्तिकेनं तिला आधी रसायनशास्त्र दिलं. ते संपवून ती मासे मागायला गेली तर भौतिकशास्त्र मिळालं. मग गणित, मग संख्याशास्त्र, मग आधीचं संख्याशास्त्र चुकलं असेल तर ते कसं ओळखावं याचं संख्याशास्त्र. पहिला मासा तिला तिसऱ्या वर्षी भेटला, आणि तो तिच्या जन्माआधीपासून बाटलीत होता.

तरी पठ्ठी हटली नाही. पक्षी झाले, सस्तन प्राणी झाले, झाडपाला झाला, आनुवंशिकता झाली. लोकांपुढे उभं राहून बोलायची कला हासुद्धा एक विषय झाला, जो कशासाठी ठेवलाय ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण लोकांपासून लांब राहता यावं म्हणूनच माणसं या शास्त्राकडे वळतात. एकेका ओळीपुढे बरोबरची खूण पडत गेली आणि शेवटच्या वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात एकच ओळ मोकळी राहिली. कलम चौदा-ग.

कलम असं होतं: ‘विद्यार्थ्याने एक मुक्त पृष्ठवंशीय प्राणी, जो पकडले जाणे टाळण्याचा प्रयत्न करीत असेल, जाळ्याने पकडावा, त्याची लांबी मोजावी, त्यास क्रमांकाची खूण लावावी, इजा न करता सोडावे, आणि किमान वीस तासांनंतर तोच प्राणी पुन्हा जाळ्याने पकडून खुणेचा क्रमांक वाचावा. दोन्ही वेळी तपासनीस हजर असावेत. संकटग्रस्त प्रजाती वगळाव्यात.’

यात अवघड ते काय, असं मुंगूसला वाटत होतं. वाटायला कारणही होतं. विभागाच्या मागे चार खाटा मावतील एवढं एक तळं होतं आणि त्या तळ्यात थोरले राहत.

थोरले म्हणजे एक मासा. हातभर लांब, मिशाळ, आणि विभागातल्या कुठल्याही माणसापेक्षा सेवेनं ज्येष्ठ. सत्तावीस वर्षं प्रत्येक तुकडीनं कलम चौदा-ग थोरल्यांवरच पुरं केलं होतं. जाळी, बादल्या आणि पट्ट्या सांभाळणारे जाळेमामा काठावर बादली वाजवत. थोरले येत. जाळ्यात स्वतः शिरत, मोजपट्टीच्या फळीवर सरळ होऊन पडत, आणि खूण लावायची वेळ आली की पंख उचलून धरत. काम आटोपलं की एकदा सगळ्यांकडे पाहून घेत आणि पाण्यात जात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माशांचा विषय शिकवणारे मासेसर स्वतः विद्यार्थी असताना याच थोरल्यांवर पास झाले होते, आणि ओळख आहे म्हणून थोरले सरांसाठी पंख जरा जास्त वेळ धरतात असं जाळेमामा शपथेवर सांगत.

आता झालं असं, की प्रत्येक विद्यार्थी आपल्या खुणेचा क्रमांक नोंदवहीत लिही. एक खूण, एक मासा. जुनी खूण काढून टाकायचं काम जाळेमामा करत, नाहीतर थोरल्यांचा किल्ल्यांचा जुडगा झाला असता. पण वहीतली ओळ काढून टाकायचं काम कुणाचंच नव्हतं. त्यामुळे वहीप्रमाणे त्या तळ्यात तीनशे अठरा मासे झाले. तो आकडा दरसाल वार्षिक अहवालात छापला जाई आणि सगळे एकमेकांचं अभिनंदन करत. यंदा मुख्य कचेरीत कुणीतरी रिकामा माणूस सापडला आणि त्यानं भागाकार केला. हातभर लांबीचे तीनशे अठरा मासे त्या तळ्यात ठेवले तर पाण्याला जागा उरत नव्हती. हा चमत्कार पाहून या, म्हणून कचेरीनं एक तपासनीस धाडली.

तिला विभागात बेडूकबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. तीस वर्षं तिनं बेडकांवर काढली होती. ठेंगणी, चटपटीत, सतरा खिशांचा कोट कायम अंगात. जे लिहिलंय ते मानायचं, आणि जे लिहिलंय तेवढंच मानायचं, असा तिचा खाक्या होता. ती रागावत नसे, आवाज चढवत नसे. फक्त बोट ठेवून वाची.

बुधवारी सकाळी मुंगूस जाळं घेऊन उभी राहिली, जाळेमामांनी बादली वाजवली, थोरले आले, फळीवर पडले, पंख उचलला. बेडूकबाई वाकून बघत राहिली. मग तिनं पुस्तिका उघडली आणि बोट ठेवलं.

“‘पकडले जाणे टाळण्याचा प्रयत्न करीत असेल’,” ती म्हणाली. “हा प्रयत्न करतोय कुठे? हा तर रांगेत उभा आहे.”

मासेसरांनी घसा साफ केला आणि वयोमानाप्रमाणे थोडा संथ आहे, असं काहीतरी पुटपुटले. बेडूकबाईनं थोरल्यांच्या नाकाशी बोट नेलं. थोरल्यांनी ते मिशीनं चाचपून पाहिलं आणि डोळे मिटले नाहीत एवढंच, कारण माशाला पापण्या नसतात. नापास. मागच्या तीनशे अठरांचं काय, असं विचारायची कुणाची छाती झाली नाही, कारण त्यात सर स्वतः होते. तिनंही विचारलं नाही. मागचे कागद काढायला तिला कुणी लिहून दिलं नव्हतं.

मुंगूसच्या तोंडचं पाणी पळालं, आणि त्याला कारण होतं ती नोकरी. नदीवर, धरणाच्या कडेला, माशांची शिडी होती. प्रवाहाविरुद्ध वर जाणाऱ्या माशांना धरण ओलांडता यावं म्हणून बांधलेली पाण्याच्या पायऱ्यांची वाट. त्या वाटेच्या पोटात एक छोटी खोली, खोलीला जाड काचेची खिडकी, आणि खिडकीपुढे एक खुर्ची. खुर्चीत बसायचं आणि वर जाणारे मासे मोजायचे. एवढंच काम. मुंगूस दुसऱ्या वर्षाला असताना एकदा ती खोली बघून आली आणि तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. आधीचा मोजणारा एकतीस वर्षांनी निवृत्त झाला होता. म्हणे बायकोनं कूस बदलली तरी झोपेत ‘एक’ म्हणायचा. जागा मुंगूससाठी राखून ठेवली होती, पण पदवी पुरी झालेल्यांच्या यादीत नाव हवं, आणि ती यादी शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता विद्यापीठाच्या खिडकीवर बंद होऊन थेट नदीखात्याकडे जाणार होती. नाव नसेल तर खुर्ची दुसऱ्याची. ती जागा पुन्हा रिकामी व्हायला आणखी एकतीस वर्षं.

घरी तर सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. वडील कुलपं दुरुस्त करत; ते गिऱ्हाइकाला किल्ली देताना सांगत की आमची मुलगी आता सरकारी मासे मोजणार. आत्याचं कपडे धुण्याचं आणि इस्त्रीचं दुकान होतं. तिला एकच शंका होती.

“अगं, पण शिडी चढायला त्यांना पाय कुठायत?” असं तिनं तीनदा विचारलं होतं, आणि तीनदा समजावून घेऊनही दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत असे की भाचीनं माशांना चढायला शिकवलं.

तर बुधवारी दुपारपासून मुंगूस दुसरा प्राणी शोधायला लागली. प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक पाल होती. ती पकडली जाणं टाळत होती यात वादच नव्हता. टाळता टाळता तिनं शेपूट जाळ्यात ठेवली आणि उरलेली पाल ट्यूबलाइटमागे गेली. बेडूकबाईनं ‘इजा न करता’वर बोट ठेवलं. शेपूट परत उगवते, असं सरांनी सांगून पाहिलं. उगवली की या, असं उत्तर आलं. मग गच्चीवरचं कबूतर. ते पकडलं, मोजलं, खूण लावणार तोच ते उडालं आणि समोरच्या इमारतीवर बसून यांच्याकडे पाठ करून राहिलं. मग वाचनालयातला उंदीर. तो पांढरा निघाला. म्हणजे शेजारच्या विभागातून पळून आलेला. ‘मुक्त’ या शब्दावर अर्धा तास चर्चा झाली आणि तेवढ्यात शेजारच्या विभागाचा माणूस पिंजरा घेऊन आला, उंदीरही त्याच्याकडे पाहून मुकाट आत गेला.

गुरुवारी सकाळी जाळेमामांनी नवी युक्ती काढली. थोरल्यांनाच पुन्हा रानटी करायचं. रानटी प्राणी माणसाळवून बिघडवता येतो, तर तो सुधारताही येईल, असा त्यांचा हिशेब. वीस तासांच्या अटीमुळे पहिली पकड रात्री नऊच्या आत व्हायला हवी होती. त्यांनी तळ्याकाठी डबे बडवले. थोरले बादलीच समजून आले. मुंगूसनं पाणमांजराचा मुखवटा घालून पाण्यात तोंड बुडवलं. थोरले जवळ येऊन मुखवट्याचा रंग कसा आहे ते निरखू लागले. झाडू आपटला, तर पाठ खाजवून घेतली. शेवटी मासेसर पुढे झाले आणि त्यांनी आपला माशांच्या वर्तनावरचा निबंध मोठ्यानं वाचायला घेतला. दुसऱ्या पानाला थोरले तळाशी गेले. सर हरखले, पण जाळेमामा म्हणाले, घाबरले नाहीत, झोपलेत.

मग मुंगूसनं निरुपायानं मोठं जाळं हातात घेतलं. गोल, काठाला शिशाच्या गोळ्या, हवेत भिरकावलं की छत्रीसारखं उघडणारं. तळ्यात नऊ वर्षांपूर्वी आपण दुसरा एक छोटा मासा पाहिला होता, असं जाळेमामांना आठवत होतं. बुडत्याला काडीचा आधार, तसं ते आठवणं तिला पुरलं. सकाळचे अकरा वाजले होते. तिनं जाळं खांद्यावर घेतलं, कंबर वळवली आणि फेकलं.

त्याच वेळी पलीकडच्या काठावर बेडूकबाई गुडघ्यावर बसून गवतात कान देऊन होती. तिला एक डराव ऐकू आला होता आणि तीस वर्षांत तिनं एकही डराव सोडला नव्हता. तेवढ्यात वारा आला. जाळं सुरेख उघडलं, तळ्यावरून तरंगत गेलं आणि नेमकं तिच्यावर उतरलं.

ती उठली. जाळ्यासकट तीन ढांगा धावली. चौथ्या ढांगेला शिशाच्या गोळ्या पायात आल्या आणि ती तळ्याच्या कठड्यावर आडवी झाली, जिथे मोठे प्राणी मोजायला सेंटिमीटरच्या रेघा रंगवल्या होत्या.

आता इथे जे घडलं त्याचा दोष मुंगूसला देता येत नाही. चार वर्षं एकच शिकवण हाडीमाशी मुरवलेली: जाळ्यात काहीही वळवळलं की आधी त्याच्या डोळ्यांवर ओलं फडकं टाकायचं, म्हणजे ते शांत होतं. मग मोजायचं, खूण लावायची, सोडायचं, आणि हे सगळं पाऊण मिनिटात, उगाच त्रास नको. डोकं विचार करायला लागायच्या आत हात कामाला लागले. मुंगूसनं ओलं फडकं टाकलं. बेडूकबाई खरोखरच शांत झाली. सरांनी सवयीनं रेघ वाचली आणि पुकारलं, एकशे एकोणपन्नास. जाळेमामांनी सवयीनं खुणेचा चिमटा पुढे केला. मुंगूसनं सवयीनं तो मानेमागे, कोटाच्या कॉलरच्या घडीत दाबला, कट्कन आवाज आला, आणि सवयीनंच तिनं जाळं उचलून एक पाऊल मागे घेतलं, जनावराला पळायला वाट असावी म्हणून.

फडकं बाजूला करून बेडूकबाई उठली. कुणी कुणाकडे बघेना. तिनं गुडघे झटकले, गवतात बेडूक आहे आणि त्याला त्रास देऊ नका एवढं बजावलं, पुढचा प्रयत्न कधी ते विचारलं, आणि ताठ मानेनं निघून गेली. तिची पाठ वळली. मग सर हळूच म्हणाले की आपण याबद्दल बोलायचं नाही. तिघांनी मान डोलावली. वहीत मात्र मुंगूसच्या अक्षरात ओळ पडली होती: क्रमांक तीनशे एकोणीस, लांबी १४९. ती कधी लिहिली ते तिलाही आठवेना.

त्या दिवशी मग जाळ्यात दुसरं काहीच आलं नाही, आणि शुक्रवारची दुपार उजाडली ती रडवेलीच. मुंगूस तळ्याच्या कठड्यावर बसून होती, शेजारी सर आणि जाळेमामा. चार वर्षांचं रसायन, गणित, बाटल्या, सगळं एका ओळीवर अडलं होतं. चार वाजून गेले आणि आत्या आली. नदीखात्यानं आधीच पाठवलेला गणवेश तिनं कडक इस्त्री करून हँगरवर लटकवून आणला होता, कारण पिशवीत घातला असता तर चुरगळला असता. भाचीचा चेहरा पाहून तिनं काय झालं ते विचारलं नाही. आत्याची रीत अशी, की दुःख असेल तर आधी इकडचं तिकडचं बोलायचं.

“तुमच्याकडे ती ठेंगणी बाई आहे ना, खूप खिशांचा कोट,” ती म्हणाली. “कुठल्या लॉन्ड्रीत टाकते गं कपडे? आत्ता व्हरांड्यात दिसली. कॉलरला मागे नंबर तसाच. काढायला नको? आम्ही कपडा देताना आधी नंबर काढतो. आणि लावायची पद्धत तरी, चिमटा ठोकलाय लोखंडी. तीनशे एकोणीस.”

मुंगूस हळूहळू उभी राहिली. सरांनी खिशातून पुस्तिकेचं पान काढलं आणि तिघांची डोकी त्यावर वाकली. मुक्त. पृष्ठवंशीय. टाळण्याचा प्रयत्न, तीन ढांगा. जाळं. लांबी. खूण. इजा नाही. वीस तास कधीच उलटले होते. जाळेमामांनी विचारलं की तपासनीस हजर होत्या का.

“होत्या,” सर म्हणाले. “जाळ्यात.”

उरलं होतं ते एवढंच, की तोच प्राणी पुन्हा पकडायचा. घड्याळात चार वीस झाले होते.

बेडूकबाई व्हरांड्यात बॅगेचा पट्टा आवळत होती. टोकाला चाहूल लागली म्हणून तिनं पाहिलं तर मुंगूस, खांद्यावर गोल जाळं. तिच्यामागे मासेसर, हातात मोजपट्टी. त्यांच्यामागे जाळेमामा, ओलं फडकं पिळत. आणि सगळ्यात मागे एक अनोळखी बाई, हँगरवर रिकामा गणवेश धरून. तीस वर्षांच्या नोकरीत तिनं पुष्कळ पाहिलं होतं, पण हे नव्हतं. तिनं बॅग टाकली आणि ती पळाली.

सर धावता धावता समजावत होते की हे अगदी पुस्तकातल्यासारखं आहे, एकदा पकडलेला प्राणी दुसऱ्यांदा जाळ्याला बुजतो, म्हणूनच मोजणीत चूक येते. मुंगूसनं मान हलवली, पण तिला दम लागला होता. बेडूकबाई जिन्यावरून वर, संख्याशास्त्राच्या वर्गातून आरपार, तिथल्या सरांनी फळ्यावर तिची एक नोंद केली, पलीकडच्या दारातून खाली, आणि संग्रहालयात. दार धाडकन लागलं.

संग्रहालयात पेंढा भरलेले प्राणी ओळीनं उभे होते. अस्वल, हरीण, तरस, मोठं गिधाड, आणखी पन्नासएक. मुंगूस दार ढकलून आत आली तेव्हा आत कुणीही हलत नव्हतं. घड्याळात चार चाळीस. ती ओळीतून सावकाश चालत गेली. अस्वलावर बोटभर धूळ. हरणावर धूळ. तरसाच्या नाकावर धूळ. अस्वलाच्या पलीकडे, हात किंचित उचलून, डोळे समोर रोखून, एक प्राणी उभा होता, आणि त्याच्यावर धुळीचा कण नव्हता.

जाळं पडलं. यावेळी मुंगूसनं ओलं फडकं टाकलं नाही, सरळ वळसा घालून मानेमागे पाहिलं आणि मोठ्यानं वाचलं, “तीनशे एकोणीस.”

बेडूकबाईनं जाळ्यातून एक हात बाहेर काढला आणि पुस्तिका मागितली.

ती तिथेच, अस्वलाच्या पायाशी बसून, जाळ्यातच, बोट ठेवून वाचू लागली. मुक्त यावर ती थांबली. आपण मुक्त आहोत का, याचा तिनं प्रामाणिकपणे विचार केला. कचेरीनं तीन दिवसांसाठी पाठवलंय, तरी रजा शिल्लक आहे, तेव्हा आहोत असं ठरवलं. पृष्ठवंशीय यावर कुरकुर केली नाही. टाळण्याचा प्रयत्न यावर तिनं धापा टाकत मान डोलावली. इजा झाली का, म्हणून गुडघा चाचपला. सरांना वाटलं आता सुटलो, तोच ती ‘संकटग्रस्त प्रजाती वगळाव्यात’ यावर आली आणि बराच वेळ बोट तिथेच राहिलं.

“त्या यादीत तपासनीस नाहीत,” ती शेवटी म्हणाली. “यादी मीच केलीये. असायला हव्या होत्या.”

आणि तिनं सही केली. जाळ्याच्या भोकातून हात काढून, रेघेला धरून, सुवाच्य. खूण काढू का, असं मुंगूसनं विचारलं, तर काढा असं कुठे लिहिलंय, असं म्हणाली, आणि तीनशे एकोणीस मिरवतच उठली.

विद्यापीठाची खिडकी इमारतीच्या दुसऱ्या टोकाला होती. खिडकीत बसणाऱ्या काकूंचं नाव कुणाला माहीत नव्हतं. त्यांना खिडकीकाकूच म्हणत. त्यांनी आयुष्यात एकदाही पाच वाजून एक मिनिटानं खिडकी उघडी ठेवली नव्हती आणि एकदाही चार एकोणसाठला बंद केली नव्हती. मुंगूस धापा टाकत पोचली तेव्हा रांगेत अकरा जण होते. जाळं पाहून अकराही जण बाजूला झाले. तिच्यामागे सही पटवून द्यायला बेडूकबाई आली, तिच्यामागे सर, मामा आणि आत्या.

काकूंनी चष्मा वर केला, अर्ज घेतला, आणि पेनाच्या टोकानं एकेका चौकटीवर टिचकी मारत खाली आल्या. नाव आहे. कलम आहे. जाळ्याचा प्रकार आहे. लांबी एकशे एकोणपन्नास, मोठा दिसतो. सही आहे. पेन थांबलं.

“वजन राहिलंय,” काकू म्हणाल्या.

भिंतीवर चार सत्तावन्न झाले होते. बेडूकबाई पुढे झाली आणि तिनं शांतपणे पुस्तिकेवर बोट ठेवलं. कलमात लांबी आहे, वजन नाही. काकूंनी तितक्याच शांतपणे अर्जावर बोट ठेवलं. अर्जात आहे. चौकट रिकामी असेल तर अर्ज अपूर्ण, अपूर्ण अर्ज यादीत जात नाही, असं खाली बारीक अक्षरात छापलंय. बेडूकबाईनं वाकून वाचलं. छापलं होतं.

त्या जागेवर दोन माणसं अशी समोरासमोर आली होती की दोघींनीही जन्मात कधी छापील शब्दाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. मध्ये मुंगूस. मागे अकरा जण, आणि ते अकराही जण आता ऐकत होते. चार अठ्ठावन्न. आत्यानं हँगर छातीशी धरला. मुंगूस फक्त बेडूकबाईकडे बघत राहिली, आणि त्या बघण्यात काचेची खिडकी, खुर्ची आणि वर चढणारे सगळे मासे होते.

बेडूकबाईनं मागे वळून रांगेकडे पाहिलं. मग खिडकीच्या भोकात तोंड घातलं आणि एक आकडा कुजबुजली.

काकूंनी पेन टेकवलं नाही. त्यांनी मान वर करून बाईंना चष्म्यावरून न्याहाळलं, डोक्यापासून कठड्याला टेकलेल्या पोटापर्यंत, मग अर्जावरच्या एकशे एकोणपन्नासकडे पाहिलं, मग पुन्हा बाईंकडे.

“मॅडम,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “अर्जात खरी माहिती भरायची असते.”

घड्याळाचा काटा टक् करून एकोणसाठवर आला. बेडूकबाईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तीस वर्षांत तिनं एकाही बेडकाचं वजन चुकीचं लिहिलं नव्हतं, गाभण बेडकीचंसुद्धा. तिनं डोळे मिटले, पुन्हा भोकात तोंड घातलं आणि दुसरा आकडा सांगितला. तो पहिल्यापेक्षा नऊनं मोठा होता असं जाळेमामा पुढे सांगत, पण त्यांना ऐकू कमी येतं.

काकूंनी आकडा लिहिला, दुसऱ्या हाताचा आडोसा धरून, कुणाला दिसू नये म्हणून. मग शिक्का उचलला, त्यावर फुंकर घातली आणि ठोकला. यादीच्या शेवटी मुंगूसचं खरं नाव चढलं, कागद लिफाफ्यात गेला, लिफाफा बंद झाला. आत्या तिथेच गणवेश मुंगूसच्या अंगाला लावून पाहू लागली आणि बाही दोन बोटं आखूड करावी लागेल म्हणाली. मुंगूस एकदम खाली बसली आणि हसत सुटली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून वाहू लागले.

बेडूकबाई खिडकीशीच रेंगाळली होती. झडप खाली येऊ लागली तशी तिनं वाकून विचारलं, “तो आकडा फायलीतच राहतो ना?”

“छे हो,” झडपेच्या फटीतून काकू म्हणाल्या. “चौदा-गची सगळी मापं सूचनाफलकावर लागतात. सोमवारी.”

आणि पाच वाजले.